१४ बाय १८ च्या खोलीत छोटं कॅरम बिलियर्ड टेबल: साइज, स्लेट, कुशन आणि नाशिकचा पावसाळा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गंगापूर रोडला बंगला, तळमजल्यावर १४ बाय १८ फुटाची खोली रिकामी, वडील पूर्वी क्लबात बिलियर्ड्स खेळायचे, मुलाने कोरियातले थ्री कुशनचे सामने बघून डोकं खाल्लंय, आणि नाशिकरोडच्या बंद पडलेल्या पार्लरमधलं ८ फुटी पूल टेबल स्वस्तात मिळतंय. ते घेऊन बदलून घ्यायचं, की नवीन छोटं कॅरम टेबल (सोंगट्यांचा कॅरम बोर्ड नव्हे, बिनपॉकेटचं बिलियर्ड टेबल) बनवायचं, आणि नंतर सांभाळायचं कसं. मी टेबलं बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी वडिलांना सांगून ठेवा की ते खेळायचे ते इंग्लिश बिलियर्ड्स, पॉकेटवालं, ज्यात आपला विल्सन जोन्स १९५८ मध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला. इथे पॉकेट नाहीतच. तीन चेंडू, पांढरा पिवळा आणि लाल, आपल्या चेंडूने बाकी दोघांना लागायचं की १ गुण, वडिलांच्या भाषेत नुसतं कॅनन. थ्री कुशन प्रकारात दुसऱ्या चेंडूला लागायच्या आधी किमान तीन वेळा कुशनला म्हणजे कडेच्या रबराला लागून यावं लागतं. म्हणून या खेळात टेबलाचा पृष्ठभाग आणि कुशन हेच सगळं काही, स्नूकरला पॉकेट थोडं ढिलं असलं तर चूक झाकली जाते, इथे झाकायला काही नाही.

आता साइज. मोठ्या स्पर्धांचं टेबल खेळायच्या जागेत २.८४ बाय १.४२ मीटर असतं. त्याच्याखाली २.५४ बाय १.२७, कोरियात पूर्वापार हॉलमध्ये चालणारं मधलं टेबल. मग २.३० बाय १.१५, हॉलंडच्या कॅफेंमध्ये सगळीकडे दिसतं ते. मग २.१० बाय १.०५, बेल्जियममध्ये चालतं. सगळ्यांत लांबी रुंदीच्या बरोब्बर दुप्पट, आणि ही गोष्ट सोडायची नाही, कारण कुशनवरच्या खुणा म्हणजे डायमंड लांबीचे ८ आणि रुंदीचे ४ समान भाग करतात, प्रमाण बिघडलं की कोनांचा सगळा हिशेबच कोलमडतो. छोटं टेबल म्हणजे पोरांचं खेळणं असं इकडे लोकांना वाटतं, तिकडे २.३० वर रीतसर लीग चालतात. उलट सुरुवात करणाऱ्याला छोट्यावर चेंडू जवळ राहतात, हात लवकर बसतो. थ्री कुशनला मात्र छोट्या टेबलावर चेंडू एकमेकांना नको तिथे जास्त लागतात कारण चेंडू तेवढेच मोठे आणि जागा कमी, हे मुलाला आधीच सांगा म्हणजे टीव्हीसारखं होत नाही म्हणून रडणार नाही.

खोलीचा हिशेब असा करायचा: खेळायच्या जागेच्या चारही बाजूला दीड मीटर. क्यू म्हणजे मारायची काठी साधारण १.४० मीटरची असते आणि मागे हात खेचायला थोडी जागा लागते. मोजायचं कुशनच्या नाकापासून, म्हणजे चेंडू लागतो त्या पुढच्या कडेपासून, टेबलाच्या बाहेरच्या कडेपासून नाही, कारण चेंडू कुशनला चिकटला तरी क्यू कडेच्या वरूनच येतो. २.५४ च्या टेबलाला ५.५४ बाय ४.२७ मीटर खोली लागते. तुमची १८ फूट म्हणजे ५.४९. पाच सेंटीमीटर कमी, आणि रुंदीत तर एक सेंटीमीटरसुद्धा शिल्लक नाही. त्यात कपाट, स्विचबोर्ड, खिडकीची ग्रिल. नका करू, दर दहा शॉटला भिंतीला क्यू आपटेल आणि माणूस खेळायचंच सोडतो. २.३० ला ५.३० बाय ४.१५ लागते, ते बसतं. २.१० ला ५.१० बाय ४.०५, ते आरामात, एका भिंतीला क्यू स्टँडही मावेल. म्हणजे निवड या दोनातच आहे.

आता ते नाशिकरोडचं पूल टेबल. ८ फुटी पूल टेबलची खेळायची जागा साधारण २.२४ बाय १.१२ मीटर असते, म्हणजे प्रमाण दुप्पटच, आणि गंमत म्हणजे ९ फुटी पूल टेबल हे थेट २.५४ बाय १.२७ च, कोरियन मधल्या टेबलाएवढं. बहुतेक मिस्त्री सांगतील की पॉकेटमध्ये ठोकळे बसवू, वरून कापड ओढू, झालं कॅरम टेबल. असलं काम करू नका. ठोकळ्याच्या जागी कुशन वेगळं उसळतं आणि कोपऱ्यात स्लेट (कापडाखालची दगडी फरशी) कापलेली असते तिथे भरलेला मसाला एका पावसाळ्यात खाली बसतो. मी सांगतो ते करा: जुने रेल (कुशनचं रबर ज्यावर बसतं त्या लाकडी पट्ट्या) पूर्ण काढून टाका, नवीन सरळ रेल बनवा आणि ते आतल्या बाजूला सरकवून बसवा, असे की नाकापासून नाकापर्यंत २.१० बाय १.०५ येईल. लांबीत दोन्हीकडे पावणेसात सेंटीमीटर आत आणि रुंदीत साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास, एवढ्यात सहाही पॉकेटचे कापे रेलच्या खाली झाकले जातात आणि चेंडू फक्त अखंड स्लेटवर फिरतो. रेलचे बोल्ट नवीन जागी येतील, स्लेटला भोकं पाडताना ड्रिलचं हॅमर बंद ठेवायचं, डायमंड बिट आणि पाणी, घाई केली की कोपरा उडाला. डायमंडच्या खुणा मग दर २६.२५ सेंटीमीटरवर येतील, त्या सुताराला स्वतः मोजून द्या, अंदाजे लावल्या तर काय उपयोग.

पण हे सगळं स्लेट चांगली असेल तरच. जुन्या टेबलात पैसे देण्यासारखं तेवढंच असतं, रबर मेलेलं, कापड फाटलेलं, फ्रेमला वाळवी, तर विकणाऱ्याच्या गोड बोलण्यात न येता कापड कडेने उचलायला सांगा. आपल्याकडे स्वस्त टेबलांत स्लेटच्या नावाखाली मार्बलही घालतात. कुणीतरी तुम्हाला लिंबू पिळून बघायला सांगेल, फेस आला तर मार्बल म्हणून. ती टेस्ट फसवी आहे, कारण इटलीतल्या लिगुरियाची जी नावाजलेली बिलियर्ड स्लेट आहे तीच मुळात चुनखडीवाली, तिच्यावरही ॲसिड फसफसतं. खालची न घासलेली कड बघा, स्लेटला पदर दिसतात आणि रंग मळकट करडा, मार्बलला साखरेसारखे चमकणारे कण. तसं माझं मत विचाराल तर सपाट मार्बल हे वाकड्या स्लेटपेक्षा बरं, पण मार्बल कडेला आणि भोकाजवळ लवकर तडकतं आणि तुम्हाला तर नवीन भोकं पाडायचीयत, म्हणून मार्बल निघालं तर सरळ घरी या.

जाडी निदान २५ मिमी हवी. स्पर्धेच्या टेबलाला ४५ लागते, ती घरी नको. सपाटपणा बघायला अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत ओळखीचा कुणी टूलरूमवाला असेल तर त्याच्याकडून लांब स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) मागून आणा, लांबीत अर्ध्या मिमीच्या आत आणि रुंदीत पाव मिमीच्या आत फरक असेल तर घ्या. नाशिककरांना हा फायदा आहे बघा, मुंबईच्या मिस्त्रीला जी लेव्हल कधी हातात मिळत नाही ती आपल्याकडे गल्लीतल्या सीएनसीवाल्याकडे कपाटात पडून असते. ०.०२ मिमी प्रति मीटरची प्रिसिजन लेव्हल म्हणून मागा. गवंड्याची लेव्हल या कामाला चालत नाही, तिच्यात बुडबुडा मध्ये दिसतो आणि चेंडू मात्र खिडकीकडे जातो.

फ्रेम. जुनी सागवानी असेल आणि ठोकून आवाज भरीव येत असेल तर ठेवा. नसेल तर एमएस म्हणजे लोखंडी बॉक्स सेक्शनची वेल्डिंग करून घ्या, फक्त वेल्डिंगनंतर वरची बाजू मशीनवर सपाट करून घ्या नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेने ती पिळलेली असते, आणि मध्ये आडवे मेंबर द्या, २५ मिमीची स्लेट फक्त कडेवर टेकवली तर मधून झोल खाते. रेलला एमडीएफ नको म्हणजे नको, पावसाळ्यात फुगतं आणि बोल्टची पकड सुटते. पायांना लेव्हलिंग बोल्ट आणि खाली स्टीलच्या प्लेटा, व्हिट्रीफाइड टाइलवर नुसता बोल्ट टेकवला तर टाइल फुटते. स्लेट आणि फ्रेमच्या मध्ये पितळी किंवा स्टीलची शिम (पातळ पत्रा) घाला, काही फिटर पत्त्यांचे तुकडे घालतात, ते दमट हवेत फुगतात आणि मग आठवड्याने टेबल रोल मारतं, म्हणजे हळू सोडलेला चेंडू शेवटी एका बाजूला वळतो.

तुम्ही तळमजल्यावर आहात म्हणून वजनाची चिंता नाही. बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो, अशा टेबलाची स्लेटच सव्वादोनशे किलोच्या आसपास जाते, ४० मिमी जाडीचं २.३० घेतलं तर साडेतीनशे. घराच्या आरसीसी स्लॅबला डिझाइनमध्ये चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, आणि टेबलाचा भार पसरून त्यापेक्षा कमीच येतो, तरी इंजिनीअरला पाय कुठे येणार ते दाखवून घ्या. पंचवटी, भद्रकालीकडच्या जुन्या वाड्यात लाकडी माळ्यावर मात्र विचारही करू नका.

आता कुशन, आणि इथेच निम्मी घरगुती टेबलं वाया जातात. कॅरमचा चेंडू ६१.५ मिमी, पूलचा ५७ च्या थोडा वर, स्नूकरचा ५२.५. कॅरमला कुशनचं नाक स्लेटपासून ३७ मिमी उंच लागतं, एखादा मिमी इकडे तिकडे चालतो, त्याहून जास्त नाही. चेंडूचा मध्य ३०.७५ वर आहे, नाक त्याच्या वर लागलं की चेंडू दबून सरळ फिरतो, खाली गेलं की उसळी घेऊन टेबल सोडतो. म्हणून कुणी म्हणालं की माझ्याकडे जुने स्नूकरचे रेल आहेत ते लावू, तर हात जोडा, ते ५२.५ च्या चेंडूसाठी बसवलेले असतात आणि त्या रबराचा आकारही वेगळा असतो. कॅरमच्याच प्रोफाइलचं रबर मागवा, क्लेमॅच किंवा आर्टेमिससारखं, लोकल रबर स्वस्त पडतं पण दोन उन्हाळ्यांत कडक होतं. नाशिकच्या एप्रिल मेच्या उन्हात पश्चिमेच्या खिडकीजवळचं कुशन सगळ्यात आधी जातं, तेव्हा तिथे जाड पडदा लावा. थंडीत उलटा त्रास, निफाडकडचे लोक विचारतात की डिसेंबरात पहाटे कुशन मारतच नाही, तर रबर गार झालं की उसळी कमी होतेच, खोली गरम होऊ द्या, रबर बदलायची गरज नसते.

कुशन तपासायला ॲल्युमिनियमच्या अँगलचा एक तुकडा घ्या, एक टोक ठराविक उंचीवर टेकवून त्याची घसरगुंडी करा, त्यावरून चेंडू सोडा आणि परत किती लांब येतो ते बघा. दर वीतभर अंतरावर चारही बाजूंनी. जिथे कमी येतो तिथे कुशन डेड आहे किंवा रेलचा बोल्ट ढिला आहे, आणि खरं सांगू, बोल्टच असतो बहुतेक वेळा, आधी तो आवळा मग रबराच्या नावाने बोंब मारा. हाच अँगल टेबलाच्या मध्ये ठेवून हळू चेंडू दोन्ही दिशांना सोडला की रोलही कळतो.

कापड. इथे मार्करचे (क्लबात टेबल सांभाळणाऱ्यांचे) सल्ले ऐकू नका, म्हणजे त्यांचा अनुभव मोठा असतो पण तो स्नूकरच्या कापडाचा. स्नूकरच्या कापडाला लव असते म्हणून ते एका दिशेने ब्रश करतात आणि गरम इस्त्री फिरवतात. कॅरमचं कापड विनालवीचं, घट्ट विणीचं लोकरीचं असतं, सिमोनिस ३०० रॅपिड हे त्यातलं नेहमीचं नाव, ९० टक्के लोकर आणि १० टक्के नायलॉन. त्याला इस्त्री नको. मऊ ब्रशचा व्हॅक्यूम आठवड्यातून एकदा, कडेच्या खाली नीट, तिथेच चॉकची पूड साचते. कापड ड्रमसारखं ताणून बसवावं लागतं, हाताने सरकवून सुरकुती आली तर परत ओढून घ्या, फिटर अजून गावात असतानाच. हल्ली सिंहस्थाच्या कामांनी अर्धं शहर खणून ठेवलंय, धूळ घरात येतेच, तर कव्हर घाला पण प्लास्टिकचं नको, खाली ओल धरते, जाड सुती चादर बरी. आणि लोकर आहे म्हणजे कसर लागते हे विसरू नका, महिनाभर गावाला जाणार असाल तर टेबलाखाली फ्रेमला डांबरगोळ्यांची पुरचुंडी बांधून जा.

नवीन कापडावर पहिले काही आठवडे चेंडू घसरतो आणि कोन लांब जातात, मग हळूहळू आखूड होत जातात, हे नॉर्मल आहे. तपासायला मुलाला ५०-३०-२० शिकवा, हे डायमंडच्या खुणांना दिलेले आकडे: कोपऱ्यातून म्हणजे ५० वरून समोरच्या लांब कुशनच्या ३० वर, फिरत्या साइडने (चेंडूला बाजूची फिरकी देऊन), की चेंडू तिसऱ्या कुशनवर २० ला यायला हवा. छोट्या टेबलावर आकडे थोडे सरकतात पण रोज सारखेच सरकले पाहिजेत. रोज वेगळे येत असतील तर दोष हवेत आहे.

आणि ती हवा म्हणजे जून ते सप्टेंबर. लोकर हवेतलं पाणी पिते, कापड जड होतं, चेंडू मध्येच थांबतो. म्हणून स्पर्धेच्या टेबलांना स्लेटखाली हीटर असतो, चेंडूला गरम करायला नाही तर कापड कोरडं ठेवायला. हिशेब बघा, खोलीत २६ अंश आणि ९० टक्के दमट हवा असेल आणि कापडालगतची हवा ३१ पर्यंत नेली तर तिथला दमटपणा साधारण ६७ टक्क्यांवर येतो, पाच अंशांत एवढा फरक. तुमच्याकडे वर्षभर हीटर लागत नाही, उन्हाळ्यात तर नाशिकची हवा इतकी कोरडी की उलट लाकूडच आकसतं. नवीन फ्रेम बनवताय तर स्लेटखाली थर्मोस्टॅटवाल्या हीटिंग मॅटसाठी जागा सोडून ठेवा, अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सकट, पहिला पावसाळा डीह्युमिडिफायर किंवा एसीच्या ड्राय मोडवर काढून बघा आणि मग ठरवा. टेबलाखाली जुने शंभर वॅटचे बल्ब लावायचा देशी उपाय चालतो ऐकून असाल, स्लेट ठिपक्याठिपक्याने तापते आणि खाली सुकं लाकूड आणि धूळ, झोपेत आग लागायची, नको. बाकी पावसाळ्यात रिकामी खोली दिसली की घरात कपडे वाळत घातले जातात, ते त्या खोलीत तरी नको, वहिनींशी आधीच बोलून घ्या.

तीन तुकड्यांची स्लेट असेल तर सांधे मेणाने किंवा गाडीच्या पुट्टीने भरतात. मेण स्वच्छ आणि परत काढता येतं पण खाली हीटर लावायचा विचार असेल तर पुट्टीच भरा. अखंड एकाच तुकड्याची असेल तर सांध्याची कटकट नाही, पण ती आत न्यायची कशी हा प्रश्न, त्यावर शेवटी येतो.

लेव्हल बसवल्यावर पहिल्या वर्षी दोनदा परत बघा, एकदा गणपतीच्या सुमाराला आणि एकदा दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर. नंतर वर्षातून एकदा बास. कुणी टेबलावर बसलं तर, आणि पाहुणे बसतातच, दुसऱ्या दिवशी अँगलवरून चेंडू सोडून बघायचा.

चेंडू अरामिथचे घ्या, बेल्जियमचे, फिनॉलिक रेझिनचे, तिन्ही एकाच सेटमधले. एकेक २०५ ते २२० ग्रॅमचा असतो आणि तिघांत २ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको, सोनाराच्या काट्यावर तोलून बघा, फुकट तोलून देईल. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ फडक्याने पुसायचे, स्पिरिट थिनर लावायचे नाहीत. वडिलांचा जुना क्यू असेल तर तो भिंतीवर शोभेला, साडेनऊ मिमीच्या टिपने दोनशे ग्रॅमचा चेंडू मारला की साइड द्यायला गेल्यावर मिसक्यू होतो, म्हणजे टिप चेंडूवरून घसरते. कॅरमच्या क्यूला ११ ते १२ मिमीची टिप आणि पुढचा भाग जास्त ताठ असतो.

तर निर्णय: स्लेट सपाट निघाली तर नाशिकरोडचं टेबल फक्त स्लेटच्या भावाने उचला आणि २.१० करा, वाचलेले पैसे रबर आणि कापडात घाला. स्लेट वाकडी किंवा मार्बल निघालं तर नवीन २.३० बनवा, ३० मिमी स्लेट, डायमंड २८.७५ सेंटीमीटरवर. दोन्ही केसमध्ये ॲडव्हान्स द्यायच्या आधी एक गोष्ट मोजा. अखंड स्लेट उभी कडेवर धरून आत न्यावी लागते, पूल टेबलाची सव्वा-दीड मीटर उंच आणि अडीच मीटरच्या आसपास लांब धरा, तर दाराची रुंदी अडचण नसते, पण पोर्चमधून आत वळताना तेवढा लांब तुकडा फिरतो का ते बघा, प्लायचा त्याच मापाचा तुकडा कापून फिरवून बघा हवं तर. फिरत नसेल तर खिडकीची ग्रिल काढायचा खर्च धरा किंवा तीन तुकड्यांची स्लेट शोधा. उचलायला सहा ते आठ माणसं लागतात, हमाल स्लेट कधी उचललेले असतील तेच घ्या, आणि स्लेट आडवी धरून कुणालाही चालू देऊ नका, स्वतःच्या वजनाने मधून तुटते. खोलीचा नकाशा आणि स्लेटच्या कडेचा फोटो टाका, बघून सांगतो.